डोळे आल्यानंतर उरणारा पारपटलदाह

जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्याने २०८.६६ मीटरची पातळी गाठली. नोंदी ठेवण्यास प्रारंभ झाल्यापासूनची ही सर्वोच्च पातळी होती. पूर ओसरत असतानाच राजधानीत डोळे येण्याची साथ पसरली आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्रात या तक्रारीचे दररोज सुमारे शंभर रुग्ण येऊ लागले. त्याच सुमारास महाराष्ट्रातही पुणे जिल्ह्यातील आळंदीपासून विदर्भातील बुलढाण्यापर्यंत साथीने जोर धरला आणि राज्यातील रुग्णसंख्या लाखांच्या घरात गेली. शाळांना सूचना गेल्या, हात धुण्याची आवाहने झाली आणि पावसाळा सरता सरता साथ ओसरली. त्याबरोबर हा विषयही मागे पडला.

साथ ओसरली म्हणजे प्रत्येक रुग्णाचा आजार संपला असे मात्र होत नाही. विषाणूजन्य डोळे येण्याच्या एका प्रकारात लाली आणि चिकट स्राव थांबल्यानंतर, म्हणजे साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, एक वेगळाच त्रास सुरू होतो. डोळा पांढरा दिसतो, पण नजर स्वच्छ नसते. दिव्याभोवती वलय दिसते, उन्हात डोळे दिपतात, संगणकावरील अक्षरे धूसर होतात. नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गासारख्या परिसरात या त्रासाचा अर्थ चटकन लक्षात येतो. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटपर्यंत जाणारा, पूर्वी कर्झन रोड म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता बहुमजली कार्यालयांचा आहे. २०१३ मध्ये सुरू झालेले नवे महाराष्ट्र सदनही याच मार्गावर आहे. येथे दिवसभर पडद्यासमोर काम करणारा कर्मचारी असो किंवा रात्री समोरच्या वाहनांच्या झोतात गाडी हाकणारा चालक असो, दोघांचीही उपजीविका बारीक तपशील आणि प्रकाश-अंधारातील फरक ओळखण्यावर अवलंबून आहे. तपासणीच्या तक्त्यावरील शेवटून दुसरी ओळ वाचता येते म्हणून अशा व्यक्तीला ‘नजर चांगली आहे’ असे सांगून परत पाठवणे योग्य नव्हे.

पारपटलावरील ठिपके

बुबुळासमोरील पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणतात. त्याची मध्यभागातील जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, आणि त्याची पारदर्शकता ज्या गोष्टींवर टिकून आहे त्यांपैकी ही एक महत्त्वाची गोष्ट आहे. डोळ्यात शिरणारा प्रकाश वाकवून पडद्यावर केंद्रित करण्याचे बहुतांश काम पारपटलच करते. त्यामुळे त्याच्या मध्यभागी आलेला लहानसा डागही दृष्टीला जाणवतो.

डोळे येण्यास कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूंमध्ये ॲडिनोव्हायरस हा प्रमुख गट आहे. त्यातील काही प्रकार, विशेषतः आठवा आणि सदतिसावा, नेत्रश्लेष्मलेपुरते न थांबता पारपटलावरही हल्ला चढवतात. संसर्ग झाल्यापासून पाच ते बारा दिवसांत लक्षणे दिसू लागतात. पहिल्या आठवड्यात विषाणू पारपटलाच्या सर्वांत वरच्या पेशीथरात वाढतो आणि तेथे टाचणीच्या टोकाएवढे सूक्ष्म व्रण दिसतात. डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपणे याच काळातील. हे व्रण पुढे भरून येतात. परंतु विषाणूचे काही प्रथिनांश त्याखालील थरात झिरपून राहतात, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्याविरुद्ध पांढऱ्या पेशींची कुमक पाठवते. या पेशींचे लहान लहान पुंजके वरच्या थराच्या लगेच खाली जमतात. नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्पखाली ते करड्या-पांढऱ्या, नाण्यासारख्या गोल ठिपक्यांच्या रूपात दिसतात. काही रुग्णांत चार-पाच, तर काहींत अनेक.

या टप्प्याला ‘उरलेला संसर्ग’ समजणे ही मोठी गल्लत आहे, आणि उपचारातील बऱ्याच चुका येथूनच सुरू होतात. ठिपके तयार होतात तेव्हा जिवंत विषाणूचा जोर बहुतेक संपलेला असतो. राहिलेला असतो तो शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेतून निर्माण झालेला दाह. त्यामुळे प्रतिजैविकांचे थेंब महिनोन्‌महिने घालत राहण्याने काहीच साधत नाही. प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात. येथे जीवाणू पहिल्या दिवसापासूनच नव्हते. उलट थेंबांतील परिरक्षक द्रव्यांनी आधीच नाजूक झालेला पृष्ठभाग आणखी कोरडा पडतो.

ॲडिनोव्हायरसच्या तीव्र साथीत ठिपके उमटण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत निरनिराळे आढळले असले, तरी काही साथींत ते रुग्णांच्या निम्म्यापर्यंत पोचले आहे. प्रत्येक साथ मात्र ॲडिनोव्हायरसचीच असते असे नाही. २०२३ च्या साथीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे गेलेल्या नमुन्यांत एन्टेरोव्हायरस गटाचा विषाणू आढळला. या गटामुळे येणारे डोळे झपाट्याने लाल होतात, पण बहुधा आठवडाभरात बरे होतात आणि पारपटलावर सहसा कायमची खूण ठेवत नाहीत. १९७१ मध्ये देशभर पसरलेली साथ याच गटाची होती. पश्चिम बंगालमध्ये तिला ‘जय बांगला’ हे नाव मिळाले. मुंबईत त्या साथीनंतर काही रुग्णांच्या पायांत पोलिओसदृश अशक्तपणा आल्याचे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगासमोर मांडले होते. तात्पर्य, साथीचा आकार मोठा म्हणून ठिपक्यांचे रुग्ण अधिक, असा हिशेब करता येत नाही. ॲडिनोव्हायरसचा संसर्ग साथ नसतानाही वर्षभर थोडाथोडा चालूच असतो, आणि त्याच्या रुग्णांकडे वृत्तपत्रांचेही लक्ष नसते.

मुंबईतील एक जुने निरीक्षण

या आजाराच्या इतिहासात मुंबईला स्थान आहे, हे फारसे ज्ञात नाही. व्हिएन्नातील अर्न्स्ट फुक्स यांनी १८८९ मध्ये पारपटलावरील अशा वरवरच्या ठिपक्यांचे वर्णन केले होते. त्यानंतर १९०१ मध्ये मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेजचे नेत्रशल्यविशारद हर्बर्ट हर्बर्ट यांनी येथील रुग्णांमध्ये दिसलेल्या ठिपक्यांच्या पारपटलदाहावर निबंध प्रसिद्ध केला. खुपऱ्यांच्या आजारात पारपटलाच्या कडेला पडणारे ‘हर्बर्टचे खळगे’ ज्यांच्या नावाने आजही ओळखले जातात, ते हेच हर्बर्ट. त्यांनी रुग्णांच्या डोळ्यांतून एक आवरणयुक्त जीवाणू वेगळा केला आणि ठिपक्यांचा संबंध त्याच्याशी जोडला. निरीक्षण अचूक होते, गुन्हेगार चुकीचा होता. विषाणू पाहण्याचे किंवा वाढवण्याचे साधन तेव्हा कोणाकडेच नव्हते. १९२० मध्ये कर्कपॅट्रिक यांनी आणि १९३० मध्ये राईट यांनी मद्रासमधील अशाच रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली. म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या आजाराविषयीच्या वैद्यकीय लेखनात भारतातील रुग्णालयांचा वाटा लक्षणीय होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा आजार अमेरिकेतील जहाजबांधणीच्या गोद्यांमध्ये पसरला आणि त्याला ‘शिपयार्ड आय’ असे नाव पडले. कामगारांच्या डोळ्यांत उडालेले धातूचे कण काढण्यासाठी त्यांना दवाखान्यात नेले जाई आणि तेथील हात व उपकरणे यांमधूनच संसर्ग एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जाई. खरा कारक असलेला ॲडिनोव्हायरसचा आठवा प्रकार १९५५ मध्ये अर्नेस्ट जावेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा केला. हर्बर्ट यांच्या निबंधानंतर यास चोपन्न वर्षे लागली.

स्टिरॉइडचा पेच

ठिपके प्रतिकारयंत्रणेच्या प्रतिक्रियेतून येत असल्याने ती प्रतिक्रिया शमवणारे औषध त्यांच्यावर चालणारच. स्टिरॉइडचे थेंब सुरू केल्यावर काही दिवसांतच ठिपके फिके पडतात, दिव्याभोवतीचे वलय जाते आणि रुग्णाला चमत्कार झाल्यासारखे वाटते. पेच यापुढे सुरू होतो. थेंब एकाएकी थांबवले की अनेकांच्या डोळ्यांत ठिपके पुन्हा उमटतात. स्टिरॉइडने दाह दाबलेला असतो. प्रतिक्रियेला कारण ठरणारा प्रथिनांश तेथेच राहिलेला असतो. मग रुग्ण तीच बाटली पुन्हा आणतो, पुन्हा बरे वाटते, पुन्हा थांबवतो. आठवड्यांचे महिने होतात.

दरम्यान या औषधाचे दुसरे परिणाम मुकाट्याने पुढे सरकत असतात. डोळ्यातील दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे चालू राहिल्यास साधारणपणे एक तृतीयांश व्यक्तींमध्ये हा दाब मध्यम प्रमाणात वाढतो आणि पाच टक्क्यांच्या आसपास व्यक्तींमध्ये तो बराच वर जातो. ज्यांच्या कुटुंबात काचबिंदू आहे, ज्यांना मधुमेह किंवा मोठ्या क्रमांकाचा लघुदृष्टिदोष आहे त्यांना धोका अधिक, आणि लहान मुलांमध्ये तर दाब लवकर व जास्त वाढू शकतो. वाढलेला दाब दुखत नाही. दृष्टिचेता कडेकडून मरत जाते आणि रुग्णाला ते समजते तेव्हा गेलेली नजर परत आणता येत नाही. दीर्घकाळच्या वापराने मोतीबिंदूही होतो. त्यावर निदान शस्त्रक्रिया तरी आहे. आपोआप बऱ्या होऊ शकणाऱ्या ठिपक्यांच्या बदल्यात काचबिंदू पदरात पडणे हा सौदा कोणत्याही हिशेबाने तोट्याचा आहे.

म्हणून आज बहुतेक नेत्रतज्ज्ञ स्टिरॉइड सर्वांना सरसकट देत नाहीत. ठिपके थोडे असतील, बुबुळाच्या मध्यापासून दूर असतील आणि रोजच्या कामात अडचण येत नसेल, तर परिरक्षकविरहित कृत्रिम अश्रू, उन्हात गडद चष्मा आणि वाट पाहणे एवढाच उपचार पुरतो. ठिपके काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विरतात; क्वचित त्यांना वर्ष-दोन वर्षेही लागतात. नजर खरोखर अडखळत असेल, किंवा तीव्र अवस्थेत पापणीच्या आतील बाजूस खोटा पडदा धरत असेल, तर स्टिरॉइड देणे समर्थनीय ठरते. अशा वेळी फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांसारख्या, डोळ्यातील दाब तुलनेने कमी वाढवणाऱ्या औषधांना पसंती दिली जाते. मात्रा दिवसातून चार वेळांवरून तीन, दोन, एक, एक दिवसाआड अशी आठवड्या-आठवड्याने उतरवली जाते. उतरणीचा हा काळ चढणीपेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि तो पाळणे हाच या उपचाराचा सर्वांत कठीण भाग आहे. रुग्णाला बरे वाटत असताना औषध चालू ठेवण्यास सांगायचे आणि पूर्ण बरे होण्याआधी ते कमीही करायचे, ही गोष्ट गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटांत समजावणे सोपे नाही.

आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. सशांवरील प्रयोगांत सुरुवातीच्या दिवसांत दिलेल्या स्टिरॉइडमुळे डोळ्यातून विषाणू बाहेर पडण्याचा काळ लांबल्याचे आढळले आहे. डोळे आल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘लाली लवकर जावी’ म्हणून स्टिरॉइड घालणाऱ्या व्यक्तीची लाली कदाचित लवकर जाईलही, पण ती घरच्यांना आणि सहकाऱ्यांना अधिक दिवस संसर्ग देत राहण्याची शक्यता असते.

ज्यांच्या डोळ्यांत ठिपके वारंवार परततात किंवा दाब वाढतो, त्यांच्यासाठी दोन पर्याय गेल्या काही दशकांत पुढे आले. अवयव प्रत्यारोपणात वापरले जाणारे सायक्लोस्पोरिन थेंबांच्या रूपात आणि टॅक्रोलिमस ०.०३ टक्के मलमाच्या रूपात वापरले जाते. दोन्ही औषधे प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशींना आवर घालतात आणि दाब वाढवत नाहीत. मात्र त्यांचा परिणाम दिसण्यास आठवडे लागतात, घातल्यावर काही काळ डोळा चुरचुरतो, आणि औषध थांबवल्यावर ठिपके परतण्याची शक्यता येथेही उरते. किंमतही साध्या थेंबांपेक्षा अधिक. ठिपक्यांच्या जागी कायमचा व्रण राहून पृष्ठभाग खडबडीत झाल्यास कठीण प्रकारचे संपर्कभिंग किंवा निवडक रुग्णांत लेसरने वरचा थर घासून काढणे हे उपाय उरतात. खुद्द ॲडिनोव्हायरसवर मारा करणारे मान्यताप्राप्त नेत्रौषध मात्र अद्याप नाही. सिडोफोविर या औषधाकडून आशा होत्या, परंतु डोळ्यावरील त्याच्या विषारी परिणामांमुळे ते मागे पडले.

चुकीच्या डोळ्यात योग्य औषध

वरील सर्व चर्चा निदान बरोबर आहे या गृहीतावर आधारलेली आहे. डोळा लाल आणि नजर धूसर, एवढ्या दोन लक्षणांमागे इतरही आजार असतात. नागीण गटातील हर्पिस विषाणू पारपटलावर झाडाच्या फांद्यांसारखा व्रण उमटवतो. त्यावर ॲसायक्लोव्हिर किंवा गॅन्सिक्लोव्हिर चालते आणि नुसते स्टिरॉइड घातल्यास तोच व्रण नकाशासारखा पसरतो. शेतकऱ्याच्या डोळ्यात उसाचे पाते, ज्वारीचे कूस किंवा कापणीच्या वेळी उडालेला भुसा गेल्यावर होणारा बुरशीजन्य व्रण याहून घातक. स्टिरॉइडने त्याची वेदना दोन दिवस कमी होते, बुरशी मात्र मोकाट वाढते आणि पारपटलाला छिद्र पडण्यापर्यंत वेळ येते. हे तिन्ही आजार वेगळे ओळखण्यासाठी फ्लुओरेसिनची रंगपट्टी, निळा प्रकाश आणि स्लिट लॅम्प लागतो. औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर यांपैकी काहीही नसते.

तरीही आपल्याकडे स्टिरॉइडचे थेंब तेथूनच विकले जातात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ‘एच’ नुसार डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे वैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. व्यवहारात ‘लाल डोळ्याचे थेंब’ म्हणून प्रतिजैविक आणि स्टिरॉइड यांचे मिश्रण असलेली बाटली सहज हाती पडते. बाटलीवरील बारीक अक्षरांतील इंग्रजी नाव ग्राहक वाचत नाही. वाचले तरी ‘डेक्सा’ या अक्षरांचा अर्थ त्याला कळत नाही. घरातील एकाला लागू पडलेली बाटली मग शेजाऱ्याकडेही जाते आणि तिच्याबरोबर विषाणूही जातो.

अंतराचा प्रश्न

कस्तुरबा गांधी मार्गावरील रुग्णाला योग्य तपासणी गाठणे अवघड नाही. महाराजा रणजीतसिंग मार्गावरील गुरू नानक नेत्र केंद्र आणि डॉ. राममनोहर लोहिया रुग्णालय अगदी जवळ आहेत; अन्सारी नगरमधील, १९६७ मध्ये स्थापन झालेले राजेंद्र प्रसाद केंद्रही शहरातच आहे. एवढ्या सार्वजनिक नेत्रसेवा हाताशी असताना दुकानातून बाटली उचलली जात असेल, तर त्यामागे रजा न मिळणे आणि रांगेत जाणारा अर्धा दिवस ही कारणे असतात. गडचिरोली किंवा नंदुरबारमधील रुग्णाची अडचण निराळी आहे. त्याला एका तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते आणि स्टिरॉइड सुरू झाल्यास दाब मोजण्यासाठी तीच वाट पुन्हा पुन्हा तुडवावी लागते.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्याचा भर दीर्घकाळ मोतीबिंदू शस्त्रक्रियांवर राहिला आणि तत्कालीन गरज पाहता ते योग्यच होते. पुढे कार्यक्रमाच्या नावात दृष्टिदोषाचाही समावेश झाला आणि काचबिंदू, पारपटलाचे आजार यांनाही त्यात स्थान मिळाले. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या पातळीवर दृष्टी केंद्रे आणि नेत्र चिकित्सा अधिकारी ही साखळी महाराष्ट्रात उभी आहे. उरलेल्या पारपटलदाहाच्या रुग्णासाठी या साखळीने करावयाचे काम मर्यादित आहे, पण नेमके आहे. डोळे आलेल्या रुग्णाला तीन आठवड्यांनी एकदा परत बोलवावे. धूसरपण असल्यास त्याला स्लिट लॅम्प असलेल्या ठिकाणी पाठवावे. स्टिरॉइड सुरू झालेल्या रुग्णाचा दाब साधारण तीन-चार आठवड्यांच्या अंतराने जवळच्या केंद्रातच मोजला जावा. दूरध्वनीवरील सल्ल्याने पाठपुरावा होऊ शकतो, मात्र दाब मोजण्याला तो पर्याय नाही.

दाब मोजण्याच्या उपकरणाचे टोक डोळ्याला स्पर्श करत असेल, तर गोदीकामगारांच्या दवाखान्यातील अनुभव येथेही आठवावा लागतो. ॲडिनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावर काही आठवडे तग धरू शकतो. स्पिरिटच्या बोळ्याने नुसते पुसणे त्याच्याविरुद्ध भरवशाचे नाही. सौम्य केलेल्या ब्लीचिंग द्रावणात टोक पाच ते दहा मिनिटे बुडवून नंतर स्वच्छ पाण्याने धुणे हा अधिक खात्रीचा मार्ग मानला जातो. गर्दीच्या विभागात यासाठी एकाहून अधिक टोके हाताशी असावी लागतात. खर्च किरकोळ आहे, तरी खरेदीच्या यादीत ती वस्तू असावी लागते.

रुग्णाच्या बाजूने पाहता सर्वांत उपयोगी कागद म्हणजे त्याचा केस पेपर. दिल्लीत नोकरी करणारा कर्मचारी दिवाळीत गावी जातो, परीक्षेसाठी आलेला विद्यार्थी सत्र संपल्यावर परततो आणि उपचार अर्ध्यावर असताना डॉक्टर बदलतो. कोणते थेंब, किती टक्क्यांचे, कोणत्या तारखेला सुरू झाले, मात्रा कधी कमी केली आणि त्या वेळी प्रत्येक डोळ्यातील दाब किती होता, या नोंदी त्या कागदावर असतील तर नवा डॉक्टर उतरण जेथे थांबली होती तेथून पुढे नेऊ शकतो. नोंदी नसतील तर बहुधा पहिल्या बाटलीपासून पुन्हा सुरुवात होते.